जपानी गायिका नामिए आमुरोचा 'प्ले' हा अल्बम 2007 साली एवढा का चालला? आणि जपानी येत नसेल तर तो ऐकण्यात अर्थ आहे का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. हा अल्बम हाती आला तेव्हा माझं जपानीही जेमतेमच होतं. पुण्यात भाषेच्या दोन परीक्षा देऊन मी नागोयाला नोकरीला गेले होते आणि जुन्या सीडींच्या एका दुकानात तो मिळाला. खोली एवढीशी, जमीन लाकडी. खालच्या मजल्यावरच्या आजींना त्रास नको म्हणून मी गादीवर उभी राहून, पायात मोजे घालून त्यातल्या 'फंकी टाउन' या गाण्यावर नाचायचे. शब्द दहातले तीन कळायचे. बास, म्हणजे खालच्या जाड सुरांचा ठेका, मात्र पहिल्या दिवशीच कळला. तेव्हा भाषेसाठी अडून राहू नका.

आता चालला का ते. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. आमुरो ओकिनावातल्या नाहाची. नव्वदच्या दशकात तेत्सुया कोमुरो या निर्मात्याच्या गाण्यांनी तिला शिखरावर नेलं. 1996 च्या 'स्वीट 19 ब्लूज' या अल्बमच्या तीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. जाड तळाचे बूट, मिनीस्कर्ट, बारीक कोरलेल्या भुवया अशा तिच्या थाटात फिरणाऱ्या मुलींना जपानमध्ये 'आमुरा' असं नावच पडलं. मग विसाव्या वर्षी लग्न, लगेच मूल, 1999 मध्ये आईचा खून. ती परत उभी राहिली, पण खप घसरत गेला आणि 2001 मध्ये कोमुरोची साथही सुटली.

इथे दुसरी कुणी असती तर जुन्याच धाटणीची गाणी मागून घेतली असती. आमुरो आर अँड बी आणि हिप-हॉपकडे वळली. 2003 मध्ये 'सुइट शीक' या नावाखाली तिने वेगळा प्रयोग केला, त्याच वर्षी 'स्टाइल' हा अल्बम आणला, 2005 मध्ये 'क्वीन ऑफ हिप-पॉप'. ही गाणी लोकांच्या कानात मुरायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ तिने दिला. मला तिचं सगळ्यात मोठं कौतुक याचंच आहे. 27 जून 2007 ला 'प्ले' आला तो थेट ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या अल्बम-खपाच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर. तिच्या स्टुडिओ अल्बमला तो मान 2000 नंतर पहिल्यांदाच मिळत होता.

अल्बमचा बहुतेक भार संगीतकार टी. कुरा आणि गीतकार मिचिको ही जोडी आणि गीतकार-निर्माता नाओ-वायएमटी यांच्यावर आहे. माणसं मोजकी असल्यामुळे बारा गाणी एका हातची वाटतात. जपानी शब्द बहुधा स्वरात संपतात, त्यामुळे तुटक, ठसकेबाज तालावर ते सैल पडण्याची भीती असते. मिचिको मध्येमध्ये इंग्रजी पेरते आणि आमुरो जपानी अक्षरंही तालावर चापून बसवते. 'कान्ट स्लीप, कान्ट ईट, आयम सिक' या दृष्टीने ऐकाच. 'बेबी डोन्ट क्राय' त्यामानाने संथ आहे. ते एका टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत होतं, त्यामुळे नाचाची आवड नसलेल्या घरांतही पोहोचलं. अल्बमला गिऱ्हाईक मिळवून देण्यात या गाण्याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. मन खचलं असेल तर मी अजूनही तेच लावते.

तिच्या मैफिलीची डीव्हीडी मिळाली तर तीही बघा. दोन गाण्यांच्या मध्ये ती जवळजवळ बोलतच नाही. गाणं, नाच, पुढचं गाणं, पुन्हा नाच, आणि श्वास कुठे घेते ते शोधावं लागतं.

एक अडचण आधीच सांगते. आमुरोने सप्टेंबर 2018 मध्ये निवृत्ती घेतली आणि नोव्हेंबर 2023 मध्ये तिची गाणी स्ट्रीमिंगवरून काढली गेली. त्यामुळे कुणी ओळखीचं जपानहून येत असेल तर जुनी सीडी मागवा. आली की फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बास नीट वाजेल असं काहीतरी मिळवा आणि पहिल्या 'हाइड अँड सीक'पासून ओळीने ऐका.