जुना पॉवर ॲम्प नवीन होम थिएटरला जोडता येतो का?

जोडता येतो, आणि मस्त चालतो. फक्त आधी दोन गोष्टी बघायच्या, रिसीव्हरच्या (होम थिएटरचा मुख्य डबा) मागे प्री-आउट (बाहेरच्या ॲम्पला सिग्नल देणारं भोक) आहे का, आणि तुमच्या बाबांचा तो १९९० च्या आसपासचा दोन चॅनेलचा ॲम्प अजून धडधाकट आहे का.

तुम्ही विचारलंय की ८० वॅटच्या ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) रिसीव्हरला तो जोडून समोरचे टॉवर स्पीकर त्याच्यावर टाकले तर आवाज दुप्पट होईल का. नाही होणार, आधीच सांगतो म्हणजे नंतर हिरमोड नको. वॅट दुप्पट केले की फरक पडतो ३ डेसिबलचा, लक्ष देऊन ऐकलं तर कळेल एवढाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात म्हणजे दहापट वॅट. आणि ॲम्पवर पीएमपीओ (क्षणभराची फुगवलेली ताकद) लिहून हजार-दोन हजारचा आकडा टाकला असेल तर तो विसरा, त्या काळी खोक्यावर काय वाट्टेल ते छापायचे, आरएमएस (सतत देता येणारी ताकद) किती लिहिलंय तेवढंच बघा.

मग फायदा कशाचा? रिसीव्हरमध्ये सगळे चॅनेल मिळून एकाच पॉवर सप्लायवर जगत असतात, आणि ते ८० वॅट बहुतेक वेळा दोनच चॅनेल चालू ठेवून मोजलेले असतात. सिनेमात मारामारी सुरू झाली की पाचही जण एकदम मागतात. समोरचे दोन बाहेर काढले की सेंटर (मधला) आणि सराउंडला (बाजूचे-मागचे) मोकळीक मिळते, खरा फरक तिथे पडतो. टॉवर ४ ओहमचे असतील (ओहम जितके कमी तितका ॲम्पवर ताण जास्त) तर अजूनच. माझ्या एका मित्राचा रिसीव्हर मोठ्या आवाजात मधेच प्रोटेक्शनमध्ये (स्वतःला वाचवायला) जाऊन बंद पडायचा, जुना ॲम्प लावल्यावर ते थांबलं आणि रिसीव्हर गरम व्हायचाही कमी झाला. पण तुमचा ॲम्प स्वतः ४ ओहमला चालतो का ते मागच्या प्लेटवर वाचा, कित्येक जुन्यांवर कमीत कमी ८ लिहिलेलं असतं.

आता ॲम्पची तब्येत. इतकी वर्षं कपाटावर पडलेला ॲम्प काढला आणि थेट टॉवरला जोडून स्विच दाबला असं करू नका हो. आधी व्होल्टेज बघा, कोणी गल्फमधून किंवा अमेरिकेतून आणलेला असेल तर मागे ११०/२२० चा सिलेक्टर असू शकतो, आणि तो ११० वर असेल किंवा ॲम्प फक्त ११०-१२० चाच असेल तर आपल्या २३० मध्ये खेळ खल्लास. मग स्पीकर न जोडता सिरीज लॅम्पवर चालू करा, म्हणजे ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब फेजमध्ये सिरीजला, एलईडी चालत नाही. बल्ब एकदा पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर आत काहीतरी शॉर्ट आहे, बंद करा. हे करायची सवय नसेल तर मेकॅनिककडूनच करून घ्या. झाकण उघडून फुगलेले कपॅसिटर शोधायचे असतील तर प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ चार्ज असतो, हात घालू नका, नुसतं बघा.

हे पास झालं की बल्ब काढून ॲम्प थेट लाइनवर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, इनपुटला काही नको, आणि मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक चॅनेलच्या स्पीकर टर्मिनलवर मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त जोडा. शंभरच्या वर गेलं तर मेकॅनिकला दाखवा आणि व्होल्टमध्ये आलं तर त्या ॲम्पला स्पीकर दाखवायचा पण नाही, स्पीकरची व्हॉइस कॉइल (आतली तारेची गुंडाळी) जळेल. पुण्यात असाल तर तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुट्टे पार्ट मिळतात, कपॅसिटर बदलायचा खर्च नव्या ॲम्पच्या मानाने काहीच नाही. व्हॉल्यूम करकरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, गंज काढायचा नेहमीचा स्प्रे नको.

जोडणी सोपी आहे. रिसीव्हरचा फ्रंट लेफ्ट-राइट प्री-आउट, आरसीए केबल (लाल-पांढऱ्या पिनांची), ॲम्पचं ऑक्स किंवा सीडी इनपुट. फोनो नाही, तो रेकॉर्ड प्लेअरसाठी असतो, त्यात लावलं तर नुसता फाटका, घुमणारा आवाज येईल. रिसीव्हरचं स्पीकर आउटपुट थेट ॲम्पच्या इनपुटला लावायचं नाही, आणि दोन ॲम्प एका स्पीकरला तर अजिबात नाही. ॲम्पवर व्हॉल्यूमचं बटण असेल तर ते मध्यावर ठेवा, खडूने खूण करा, बास-ट्रेबल सरळ, लाउडनेस बंद, आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की याला हात लावायचा नाही, कारण ते हललं की समोरचे आणि सेंटर यांचा मेळ गेला. नंतर रिसीव्हरचं माइकवालं सेटिंग (स्पीकरची लेव्हल आपोआप जुळवणारं) परत चालवा. त्यात फ्रंटची लेव्हल पार उणे १२ डेसिबलला जाऊन टेकली तर ॲम्पचं बटण थोडं खाली घेऊन पुन्हा चालवा. सबवूफरचा ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर (त्याखालचा बास सबवूफरकडे वळवणारी सीमा) प्री-आउटलाही लागू होतो, त्याची काळजी नको. चालू करताना आधी रिसीव्हर मग ॲम्प, बंद करताना उलट, नाहीतर स्पीकरमध्ये धप्प आवाज येतो.

घूंऽऽ असा भुंग्यासारखा आवाज आला तर घाबरू नका, बहुतेक वेळा अर्थ लूप (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थमधून फिरणारा करंट) असतो. रिसीव्हर आणि ॲम्प एकाच बोर्डावर लावा आणि सेट-टॉप बॉक्सची केबलवाल्याची वायर काढून बघा, माझ्या अनुभवात निम्म्या वेळा चोर तिथेच सापडतो. काही लोक प्लगची अर्थची पिन कापायला सांगतात, ते ऐकू नका, मेटल बॉडीच्या जुन्या ॲम्पच्या शॉकपासून तीच तर वाचवते.

प्री-आउट नसेलच, म्हणजे मागे फक्त सबवूफरचं एक भोक असेल (स्वस्तातल्या रिसीव्हरना तेवढंच असतं), तर कार ऑडिओच्या दुकानात स्पीकर लाइनवरून आरसीए काढून देणारा हाय-लो कन्व्हर्टर मिळतो. चालतो, पण सिग्नल शेवटी रिसीव्हरच्याच ॲम्पमधून येतो, त्यामुळे मी त्याच्या फार प्रेमात नाही. त्यापेक्षा बाबांचा ॲम्प दुसऱ्या खोलीत दोन स्पीकर लावून गाण्यांसाठी ठेवा. दोन्हींच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, कुठलं भोक कशाचं ते सांगतो.