'इलेक्टेबिलिटी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या निवडणुकीवरच्या एका मराठी लेखात 'मतदारांनी उमेदवारांची निवडणूक-पात्रता जोखली' असं वाक्य आलं. मूळ शब्द 'इलेक्टेबिलिटी' असणार, म्हणजे हा उमेदवार निवडून येईल का, याचा अंदाज. त्याला 'पात्रता' म्हणणं बरोबर आहे का? नसेल तर काय म्हणावं?

'पात्रता' नकोच. पात्रता कायदा ठरवतो, मतदार नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेनं राष्ट्राध्यक्षपदासाठी ती थोडक्यात सांगून टाकली आहे: जन्मानं नागरिकत्व, वय किमान ३५ आणि देशात १४ वर्षं वास्तव्य. ही झाली 'एलिजिबिलिटी'. (हे दोन्ही शब्द 'निवडणे' अशा अर्थाच्या एकाच लॅटिन धातूतून आलेले. सख्खी भावंडं, पण वाटण्या कधीच झाल्यात.)

मग आपल्या बातमीदारांचं लाडकं 'इलेक्टिव्ह मेरिट' आणि त्याचं मराठी, 'निवडून येण्याची क्षमता'? 'इलेक्टिव्ह' म्हटलं की मला कॉलेजातले ऐच्छिक विषय आठवतात, पण ते सोडा. खरी अडचण आहे ती हा शब्द कुणाच्या तोंडी असतो याची. आपल्याकडे तो तिकीट वाटणाऱ्यांच्या तोंडी असतो. जात, पैसा, मागच्या वेळची मतं असा सगळा हिशेब पक्षाच्या बैठकीत होतो आणि मतदारासमोर तयार नाव येतं. अमेरिकेतही पूर्वी फार वेगळं नव्हतं. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यात होणारं मतदान) न लढवता शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. त्यावरून एवढा गदारोळ झाला की पक्षाला नियम बदलावे लागले, आणि १९७२पासून उमेदवारी प्रायमरी आणि कॉकसमध्येच (म्हणजे त्याच कामासाठीच्या मतदारांच्या स्थानिक सभांमध्ये) ठरू लागली. म्हणजे तिकीट वाटण्याचं काम मतदाराच्याच गळ्यात पडलं, आणि त्यासोबतची काळजीही! आता त्याला दोन प्रश्न पडतात: मला कोण आवडतो? आणि बाकीच्यांना कोण चालेल?

२००४ साली डेमोक्रॅटिक मतदारांच्या छातीवर एक बिल्ला दिसायचा. त्याचा मराठी मतलब साधारण असा: 'हिंडलो-फिरलो डीनबरोबर, लग्न केलं केरीशी'. उमेदवारीच्या शर्यतीतले हॉवर्ड डीन इराक युद्धाविरुद्ध कडाडून बोलायचे, कार्यकर्त्यांचा जीव त्यांच्यावर जडलेला. पण आयोवा राज्यात पहिलं मत द्यायची वेळ आली तेव्हा व्हिएतनाममध्ये लढलेले जॉन केरी पहिले आले आणि डीन तिसरे. राष्ट्राध्यक्ष बुशपुढे हाच टिकेल, असा त्यामागचा हिशेब. नोव्हेंबरात केरी हरले, हे आलंच. २०१९मध्ये नवऱ्याचा, जो बायडन यांचा, प्रचार करताना जिल बायडन यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये हेच आडपडदा न ठेवता सांगितलं: दुसरं कुणी तुम्हाला जास्त आवडत असेल, पण जरा आवंढा गिळा, ट्रम्पना हरवायचं आहे.

'निवडून येण्याची क्षमता' म्हटलं की तो गुण उमेदवाराच्या अंगात असल्यासारखा वाटतो, उंचीसारखा, आवाजासारखा. इथे तर मतदार शेजाऱ्याच्या मनाचा अंदाज बांधतोय, आणि शेजारी त्याच्या मनाचा. या गोष्टीला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: चलनी नाणं. खणखणीत नाणं वेगळं, चलनी नाणं वेगळं. खणखणीतपणा धातूत असतो. नाणं चलनी ठरतं ते पुढचा माणूस ते घेईल अशी माझी खात्री असते म्हणून. अनेकांच्या लेखी डीन खणखणीत होते, केरी चलनी.

नाणं चालतं की नाही हे बाजारात टाकल्याशिवाय कळत नाही, हेही इथे लागू पडतं. १९२८ साली दक्षिणेकडचे कट्टर डेमोक्रॅट म्हणत, पक्षानं पिवळं कुत्रं उभं केलं तरी आमचं मत त्यालाच. (आपण दगडाला शेंदूर फासतो, ते कुत्र्यावर भागवतात.) पण त्या वर्षीचे उमेदवार अल स्मिथ कॅथलिक, त्यात दारूबंदीच्या विरोधात, टेक्सस, फ्लोरिडा, व्हर्जिनिया ही दक्षिणेतलीच राज्यं हातची गेली. कुत्रं चाललं असतं, कॅथलिक चालला नाही. तेव्हापासून 'कॅथलिक निवडून येत नाही' हे लोक धरूनच चालले. १९६०मध्ये कॅथलिकच असलेल्या केनेडींनी वेस्ट व्हर्जिनियाची प्रायमरी जिंकली. तिथे बहुतेक सगळे प्रॉटेस्टंट, आणि समोर तेच हम्फ्री. मग पक्षातल्या धुरिणांनाही हे नाणं घ्यावंसं वाटू लागलं. २००८ साली ओबामांचंही तसंच झालं. गोरे लोक कृष्णवर्णीयाला मत देतील का, ही शंका कृष्णवर्णीय मतदारांनाच होती. ३ जानेवारीला जवळजवळ सगळ्या गोऱ्यांच्या आयोवानं ओबामांना पहिलं केलं, आणि २६ तारखेला साउथ कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांच्या पदरात भरभरून मतं टाकली.

एक खोट मात्र आहे. 'चलनी नाणं' आपण बहुधा आधीच चाललेल्या माणसाला म्हणतो, गल्ला भरणाऱ्या नटाला वगैरे. 'इलेक्टेबिलिटी' मात्र मत पडण्याआधीची गोष्ट. शिवाय 'चलनीपणा' असं नाम पाडलं तर ते कुणाच्या तोंडी बसणार नाही. म्हणून मी नामाचा नाद सोडून क्रियापद वापरेन: चालणे. 'चलन'ही त्याच धातूतलं. 'आवडेल' आणि 'चालेल' यांतला फरक पाहुण्याला चहा विचारणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असतो. पक्षाचे नेते बोलत असतील तिथे 'निवडून येण्याची क्षमता' राहू द्या, तिथे ते शोभतं. मतदाराबद्दल लिहायचं असेल तर तुमच्या लेखातलं वाक्य मी असं करेन: 'आपल्याला कोण आवडतो यापेक्षा इतरांना कोण चालेल, हे मतदार पाहत होते.' शब्द वाढले खरे, पण कुणाला चालेल हे आता वाक्यातच आलं.