पेन्टेकॉस्टल चर्चमधल्या तरुणांच्या सभेत नेमकं काय चालतं? मुलीला जाऊ द्यावं का?

प्रश्न असा आहे: तुमची 16 वर्षांची मुलगी दोन महिन्यांपासून मैत्रिणीबरोबर एका पेन्टेकॉस्टल चर्चच्या तरुणांच्या सभेला जाते. तिला आणायला गेलात तेव्हा दारातून पाहिलंत, तर निम्मी मुलं हात वर करून रडत होती आणि काही जण न समजणाऱ्या भाषेत बोलत होते. पुढच्या महिन्यात शिबिर आहे. पाठवू की नको?

मी तटस्थ माणूस नाही, हे आधी सांगून टाकतो. अशाच घरात वाढलो, पुढे आठ वर्षं आमच्या मंडळीतल्या तरुणांचं काम पाहिलं. ते काम आता सोडलंय, चर्च सोडलेलं नाही. तेव्हा कौतुकही ऐकाल आणि कुरकुरही.

रडण्याची गोष्ट आधी उरकतो, कारण बाहेरच्याला सगळ्यात जास्त धसका तिचाच बसतो. पेन्टेकॉस्टल म्हणजे पवित्र आत्म्याचा थेट अनुभव आजही येतो असं मानणारे ख्रिस्ती. त्यांच्या चर्चेसमध्ये उपासना अंगाने होते. टाळ्या, उड्या, मोठ्याने प्रार्थना, अश्रू, सगळं तिथे रीतीतलं आहे. 16 वर्षांच्या मुलाला आठवडाभर कुणी 'कसा आहेस' असं खरोखर विचारलेलं नसतं. अंधारलेल्या हॉलमध्ये गाणं संथ होतं, शेजारची ताई खांद्यावर हात ठेवून त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करते, आणि बांध फुटतो. यातलं देवाचं किती आणि कीबोर्डवाल्याचं किती, हे मला आठ वर्षांत कधी नक्की सांगता आलं नाही. पण नुसत्या रडण्याने कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही.

न कळणारी भाषा म्हणजे 'अन्य भाषा'. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात पेन्टेकॉस्टच्या सणाच्या दिवशी येशूचे शिष्य अशा भाषांत बोलू लागतात, लोक त्यांना दारू प्यायलेले समजतात, आणि पेत्र उभा राहून योएल संदेष्ट्याचं वचन सांगतो: तुमचे मुलगे आणि मुली संदेश देतील, तुमच्या तरुणांना दृष्टान्त होतील. म्हणजे ज्या उताऱ्यावर ही चळवळ उभी आहे, त्यातच तरुण मुलं-मुली बोलताना दिसतात. असेंब्लीज ऑफ गॉडसारखे (स्थापना 1914, अमेरिका) जुने पेन्टेकॉस्टल पंथ असं शिकवतात की तारण (पापातून सुटका) हा एक अनुभव आणि पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा (आत्म्याने भरून जाणं) हा दुसरा, आणि त्या दुसऱ्याची पहिली दिसणारी खूण म्हणजे अन्य भाषा. सगळे पेन्टेकॉस्टल या खुणेबद्दल इतके ठाम नसतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तरुणांवर एवढा जोर का? बहुतेक पेन्टेकॉस्टल चर्चेस तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत. बाळाला पुढे आणून प्रार्थना करतात, आशीर्वाद देतात, बस. बाप्तिस्मा पाण्यात पूर्ण बुडवून, आणि तोही स्वतः विश्वास ठेवल्यावर. त्यामुळे पाळकाचा मुलगासुद्धा जन्माने आपोआप आत येत नाही. आमच्याकडे एक बोलणं फिरतं, देवाला मुलं असतात, नातवंडं नसतात. प्रत्येक पिढी नव्याने मिळवायची असते. म्हणून बारा ते वीस ही वर्षं त्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची.

शिवाय या चळवळीचा इतिहास बघितला तर ती तरुणांनीच पेटवलेली दिसते. 1904 मध्ये वेल्समध्ये संजीवन, म्हणजे विश्वासाच्या जागृतीची लाट, आलं, त्याचा चेहरा होता इव्हान रॉबर्ट्स, वय 26, आधी कोळशाच्या खाणीत राबलेला. लाफर गावी प्रार्थनासभेनंतर थोडे तरुण मागे थांबले आणि तिथून ते सुरू झालं. तिथल्या बातम्या पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पोहोचल्या आणि जून 1905 मध्ये तिथे मुली ढसाढसा रडत, तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या. लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवर विल्यम सीमोर या पाळकाच्या सभा सुरू झाल्या 1906 मध्ये. जगभरची पुस्तकं पेन्टेकॉस्टल चळवळीची सुरुवात तिथून मोजतात, पण मुक्तीतलं संजीवन त्याच्या आधीचं. रमाबाईंची सहकारी मिनी एब्रम्स हिने त्यावर पुस्तिका लिहिली, ती चिलीतल्या एका मैत्रिणीला पाठवली, आणि 1909 मध्ये तिथल्या वाल्पराइसो शहरात जे संजीवन आलं त्यामागे त्या पुस्तिकेचा हात होता. केडगावच्या अनाथ आणि विधवा मुलींच्या प्रार्थनेची ठिणगी दक्षिण अमेरिकेपर्यंत गेली, आणि आपल्याकडे हे फारसं कुणाला ठाऊक नाही. असो.

रमाबाईंनी पुढे एक भूमिका घेतली, ती मला या सगळ्यात फार शहाणपणाची वाटते. मुक्तीत अन्य भाषा बोलल्या गेल्या तेव्हा त्यांनी त्या देवाचं दान म्हणून स्वीकारल्या, थट्टा करणाऱ्यांपुढे त्यांची बाजू घेतली. पण प्रत्येकाला हे दान मिळालंच पाहिजे, नाहीतर आत्मा मिळालाच नाही, हे त्यांनी मान्य केलं नाही.

हे मला पंधराव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. शिबिरातली शेवटची रात्र. वक्त्याने पुढे बोलावलं, आम्ही वीसेक जण गेलो. एकेक जण अन्य भाषेत बोलू लागला. मला काही होईना. दोन मोठी मुलं माझ्या डोक्यावर हात ठेवून होती, 'सोड, मोकळा हो, तोंड उघड' म्हणत होती. अर्धा तास झाला असेल. पाय दुखत होते, भूक लागली होती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझ्यामुळे सगळे अडकून पडलेत असं वाटत होतं. शेवटी बाजूच्याचं ऐकून तसेच चार-पाच शब्द मी घोळवले. जल्लोष झाला. मिठ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी मला पुढे उभं करून साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांना सांगायला लावला, आणि मी सांगितला.

पुढची तीन वर्षं मी प्रत्येक प्रार्थनेला मनात माफी मागत बसायचो. आपण ढोंगी आहोत, हे देवाला माहीत आहे आणि बाकी कुणालाच नाही, हे ओझं त्या वयाला फार जड असतं. कुणी वाईट नव्हतं त्यात. त्या दोन मुलांना माझं भलंच हवं होतं. फक्त 'मला काही झालं नाही' म्हणायला त्या हॉलमध्ये जागाच नव्हती.

बऱ्याच वर्षांनी, मी स्वतः सभा घेत होतो तेव्हा, एक मुलगा खुर्च्या रचता रचता म्हणाला, 'दादा, मी गेल्या वर्षी खोटं बोललो होतो.' मी हातातली खुर्ची खाली ठेवली आणि म्हणालो, मीही. मग दोघंही तिथेच खाली बसलो. त्यानंतर आम्ही शिबिरात 'कुणाला मिळालं, हात वर करा' हे विचारणंच बंद केलं. वरच्या लोकांना ते आवडलं नाही.

पण चांगली बाजू खरंच मोठी आहे. या चर्चेसइतक्या लहान वयात मुलांच्या हाती काम देणारी जागा मी दुसरीकडे पाहिलेली नाही. चौदा वर्षांची मुलगी दीडशे लोकांसमोर प्रार्थना करते, सोळा वर्षांचा मुलगा साऊंड सांभाळतो, अठराव्या वर्षी कुणीतरी संदेश देतं आणि अडखळतं, तरी सगळे 'आमेन' म्हणून त्याला पुढे रेटतात. अमेरिकेत असेंब्लीज ऑफ गॉडच्या तरुणांनी 1944 पासून 'स्पीड द लाइट' नावाने निधी गोळा करून मिशनऱ्यांना वाहनं घेऊन दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर त्यात बी-17 हे एक जुनं बॉम्बर विमानही होतं, माणसं वाहून नेण्यासाठी बदललेलं. डेव्हिड विल्करसन नावाचा खेड्यातला तरुण पाळक 1958 मध्ये न्यूयॉर्कच्या टोळ्यांतल्या पोरांकडे गेला आणि त्यातून व्यसनमुक्तीचं 'टीन चॅलेंज' उभं राहिलं. माझ्या स्वतःच्या सभेतल्या तिघांनी व्यसन सोडलं. त्यांच्यासाठी त्या हॉलबाहेर कुणी थांबलेलं नव्हतं.

तेव्हा मुलीला तोडू नका. बंदी घातलीत तर ती तिथे छळ सोसणारी साक्षीदार ठरेल, आणि त्या वयात याहून गोड भूमिका नसते. त्याऐवजी एकदा आत जाऊन बसा. आवाजाकडे दुर्लक्ष करा. मुलगा-मुलगी एकट्याने कुठल्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत प्रार्थनेला बसतात का, ते बघा. चांगल्या मंडळीत नेहमी दुसरं मोठं माणूस हजर असतं आणि दार उघडं असतं. तुम्ही प्रश्न विचारलेत तर तरुणांचा पुढारी उत्तर देतो की 'विश्वास ठेवा' एवढंच म्हणतो, हेही कळेल.

काही गोष्टींवर मात्र मी ताबडतोब मुलीला घरी आणलं असतं. देवाने बरं केलंय म्हणून डॉक्टरांचं औषध बंद करा असं सांगणं. अल्पवयीन मुलांना दिवसचे दिवस कडक उपास. नैराश्याला भूत ठरवून अंगावर ओरडून ते 'काढणं'. आणि 'देवाने मला तुझ्याबद्दल दाखवलंय' असं म्हणून कुणी तिचं लग्न, शिक्षण किंवा मैत्री ठरवू लागणं. या शेवटच्यावर बायबलचाच दाखला देता येईल: पौलाने थेस्सलनीकेच्या मंडळीला संदेश तुच्छ मानू नका असं लिहिलं आणि लगेच पुढे सगळ्याची पारख करा असंही लिहिलं. अन्य भाषेबद्दलही करिंथच्या मंडळीला त्याने शिस्त घालून दिली, फार तर तिघांनी, एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावं. हे उतारे मुलीलाच शोधायला सांगा, ती हौसेने शोधेल.

शिबिराचं म्हणाल तर, संमतीपत्रावर सही करण्याआधी तिला एकच विचारा: शेवटच्या रात्री पुढे बोलावलं आणि तुला जागेवरच बसावंसं वाटलं, तर बसता येईल का? तिने लगेच 'हो, का नाही' म्हटलं तर पाठवा. ती थांबली, तर आधी त्या पुढाऱ्याला फोन करून हाच प्रश्न त्यालाही विचारा, आणि तो बोलत असताना फोन स्पीकरवर ठेवा.