वयानुसार बदललेली जनुकांची सक्रियता पूर्ववत करता येते का? बेळगावातील माझ्या ६८ वर्षांच्या वडिलांना त्याचा काही उपयोग होईल का?
अंशतः येते, मात्र माणसांतील ठोस पुरावा गोळ्यांपेक्षा व्यायामाच्या बाजूने आहे. कोणते जनुक किती सक्रिय राहावे याचे नियंत्रण वयानुसार बिघडत जाते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांनी सुमारे सहा महिने, आठवड्यातून दोनदा, वजनाविरुद्ध स्नायूंना जोर लावायला लावणारा व्यायाम केल्यावर त्यांच्या मांडीच्या स्नायूंतील वयाने बदललेल्या जनुकांची सक्रियता बरीचशी तरुणांच्या पातळीकडे परतली, आणि तरुणांच्या तुलनेत ५९ टक्के कमी असलेली ताकद ३८ टक्के कमी इतकी सुधारली.

जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये दाखवलेल्या, जनुकांची सक्रियता ठरवणाऱ्या चार घटकांनी (प्रथिनांनी) उंदरांच्या पेशी अंशतः तरुण करता आल्या आहेत. परंतु हे घटक अधिक काळ सक्रिय राहिल्यास गाठी होतात, त्यामुळे वय उलटवण्याच्या नावाखाली कोणी पुड्या विकत असल्यास घेऊ नयेत.

खानापूर असो वा निपाणी, साठी उलटली की शेतात राबलेल्या माणसालाही ‘आता बसून खा’ असे प्रेमाने सांगितले जाते. स्नायूंच्या दृष्टीने हा सल्ला घातकच आहे. वडिलांना रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारून हलक्या वजनांपासून सुरुवात करावी.