भेट मिळालेल्या फायकस बोन्सायची पानं गळताहेत. झाड मेलं का? काळजी कशी घ्यायची?

बहुतेक नाही मेलं. एखाद्या बारीक फांदीची साल नखाने जराशी खरवडून बघा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. ती फांदी सुकलेली निघाली तर खोडाकडे सरकत अजून एकदोन ठिकाणी बघा.

फायकस म्हणजे आपल्या वड, पिंपळ, उंबराचाच भाऊबंद. हाडाचा चिवट, पण जागा बदलली की रुसतो. नर्सरीत तो भरपूर उजेडात वाढलेला असतो. तुम्ही लिहिलंय की घरी आणल्यापासून तो हॉलमधल्या टीपॉयवर आहे. तिथल्या उजेडात एवढी पानं पोसणं परवडत नाही, म्हणून तो ती टाकून देतो. ही गळती म्हणजे रोग नव्हे. गळती बघून लोक घाबरतात आणि एकाच आठवड्यात खत, कीटकनाशक, नवी कुंडी असं सगळं करून मोकळे होतात. झाड जातं ते बऱ्याचदा त्या उपचारांनी.

तेव्हा आधी ते टीपॉयवरून उचला आणि घरातल्या सर्वांत उजेडाच्या खिडकीला अगदी लागून ठेवा. आपल्याला पेपर वाचता येतो एवढा उजेड झाडाला पुरत नाही, खिडकीपासून चार पावलं आत आलं तरी तो झपाट्याने कमी होतो. एसीचा किंवा हीटरचा झोत अंगावर नको. एकदा ठेवलं की हलवू नका. बाल्कनी असेल आणि हवा उबदार असेल तर बाहेर उत्तमच, फक्त आधी सावलीत आणि मग हळूहळू उन्हात. रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास उतरायला लागलं की आत घ्या.

आता पाणी. रोज स्प्रे मारता म्हणालात, ते थांबवा. स्प्रेने पानं धुतली जातात आणि मातीचा वरचा पापुद्रा भिजतो, खाली मुळं कोरडीच राहू शकतात. उलट माती आधीच गच्च असेल तर ती वाळायला वेळच मिळत नाही. एक लाकडी काडी कुंडीच्या कडेने मातीत खुपसून दहा मिनिटं ठेवा आणि बाहेर काढा. काडी ओली, काळपट निघाली तर पाणी नको. जवळजवळ कोरडी निघाली तर द्या, आणि द्याल तेव्हा तळाच्या भोकातून वाहीपर्यंत द्या. माती फारच कडक झाली असेल तर कुंडी पाण्याच्या टबात बुडवा आणि बुडबुडे थांबले की काढून निथळू द्या. ‘दर तीन दिवसांनी’ असला नियम कुणी सांगितला तर ऐकू नका. पानं गळून गेलेलं झाड पाणी कमी पितं, त्यामुळे सध्या काडीवरच भरवसा ठेवा.

आणखी एक बघा. बाजारात मिळणाऱ्या अशा झाडांच्या मातीवर कधीकधी शोभेचे खडे चक्क डिंकाने चिकटवलेले असतात. पाणी वरूनच घरंगळतं. तसं असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने तो थर उचकटून टाका. कुंडीला भोक आहे ना, आणि बाहेरच्या शोभेच्या कुंडीत पाणी साचत नाही ना, तेही तपासा.

कुंडी बदलणं आता नाही. नवी पालवी येऊन झाड सावरू दे, मग उबदार दिवसांत करा. माती भुसभुशीत, खडेदार हवी: विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू, थोडं कंपोस्ट. बागेची काळी चिकट माती या उथळ कुंडीत मुळं कुजवते. मुळं एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त छाटू नका. खतही पालवी फुटल्यावरच, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या प्रमाणात.

छाटणी सोपी आहे. नव्या फांदीला सहा-आठ पानं आली की दोन-तीन ठेवून बाकी कापा. कापल्यावर पांढरा चीक येतो, त्याने काहींच्या त्वचेला खाज सुटते. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कापलेला पाला लगेच उचला, तो त्यांच्या पोटाला चांगला नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा.

पारंब्यांचं विचारलंत. घरातल्या कोरड्या हवेत त्या सहसा फुटत नाहीत, दमट हवा लागते. पुढेमागे एखादी फुटलीच तर प्लास्टिकची स्ट्रॉ उभी चिरा, ती पारंबीभोवती बसवून खालचं टोक मातीत खोचा आणि स्ट्रॉमध्ये ओलसर माती भरा. पारंबी वाटेत न वाळता मातीपर्यंत पोचते. तिथे रुजली की स्ट्रॉ काढून टाका.