हौद्यात बॉल आहे म्हणून लगेच अडॅप्टर घेऊ नका

नमस्कार दादा,

प्रश्न तुम्ही सविस्तर विचारलात, तेव्हा उत्तरही जरा लांबणार. ग्रीन कार्डावर मिरजेहून टेक्सासला येताय, सोबत वहिनी आणि मुलगी. मेव्हण्यांनी एका रँचवाल्याकडून जुना पिकअप घेऊन ठेवलाय, त्याच्या हौद्यात गूजनेकचा बॉल आहे, म्हणजे गूजनेक जातीचा ट्रेलर अडकवायचा पोलादी गोळा. भाडं भरण्यापेक्षा पहिलं वर्ष ३० फुटी जुन्या फिफ्थ-व्हील कॅम्परमध्ये (पिकअपच्या हौद्यात जोडून ओढायचं चाकांवरचं घर) काढायचं म्हणताय. कॅम्परला किंगपिन (जोडणीचा खुंटा), गाडीला बॉल. मध्ये काहीशे डॉलरचा अडॅप्टर लावला तर चालेल का, हा तुमचा प्रश्न.

चालतं. मीही दीड वर्ष चालवलं.

झालं असं, की कॅम्परची बेडरूम पुढं, बरोबर किंगपिनच्या डोक्यावर असते. एक दिवस तिथल्या कपाटाचं दार लागेना. मला वाटलं, लाकूड फुगलं असेल. रंधा मारला, दार लागलं. महिन्याने परत अडकलं. मग बाहेरून पुढच्या पत्र्याला फुगवटा दिसला. वेल्डरने खालचं आवरण काढलं आणि बॅटरी मारून दाखवलं. पिन बॉक्स, म्हणजे किंगपिन धरणारा पोलादी खोका, जिथं कॅम्परच्या चौकटीला (चॅसीला) जोडलेला असतो तिथं वेल्डच्या कडेला केसाएवढी भेग, आणि तिच्यातून खाली आलेला गंजाचा ओघळ, बशीत सांडलेल्या चहाच्या डागासारखा. दार बिचारं सरळच होतं, चौकट वाकली होती.

कारण साधं आहे. किंगपिन म्हणजे २ इंच जाडीचा आखूड खुंटा. न्हावा शेवाला कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरला असतो त्याच जातीचा. तो हौद्यातल्या हिचच्या (ट्रेलर अडकवायच्या जोडणीच्या) जबड्यात बसतो, त्यामुळे ओढ आणि ब्रेकचा धक्का पिन बॉक्सच्या जवळच लागतो. गूजनेकचा बॉल मात्र २ ५/१६ इंचांचा, आणि तो पार हौद्याच्या तळाशी. तिथवर पोचायला अडॅप्टरची नळी किंगपिनपासून फूट-सव्वा फूट खाली लोंबते. आता पहारीने दगड उलथताना काय करतो आपण? पहार जितकी लांब, तितका दगड हलका. इथं पहार म्हणजे ती नळी आणि दगड म्हणजे तुमच्या कॅम्परची चौकट. दर ब्रेकला, दर खड्ड्याला ती थोडी थोडी उलथली जाते. शेतमालाच्या गूजनेक ट्रेलरची मान जाड पोलादाची आणि याच कामासाठी बांधलेली असते. कॅम्परची नसते. बरेच चौकट बनवणारे असा अडॅप्टर लावला की वॉरंटी नाकारतात, ते काही उगाच नाही.

म्हणून माझं मत: बदल करायचा तर पिकअपमध्ये करा, कॅम्परला हात लावू नका. आधी हौद्यातला बॉल कुठल्या कंपनीचा आहे ते बघा. बी अँड डब्ल्यूचा टर्नओव्हर बॉल असेल तर तो काढून त्याच भोकात त्यांचा कंपॅनियन हिच बसतो. हौद्यात नवीन भोकं नाहीत, हिच बसवायचे रूळ नाहीत, आणि कॅम्परचा किंगपिन आहे तसा राहतो. वजनाला मात्र जबर आहे, काढताना-घालताना मेव्हण्यांना हाताशी घ्या. हौदा मोकळाच हवा असेल तर दुसरा रस्ता म्हणजे अख्खा पिन बॉक्स काढून गूज बॉक्ससारखा, मुळात बॉलसाठीच बनवलेला बॉक्स बसवणं. त्यात एअरबॅग असते, धक्के कमी लागतात. खर्च जास्त. अँडरसनचा ॲल्युमिनियमचा हिचही बरा, कारण त्यात बॉलच वर उचललेला असतो आणि पहार आखूड राहते. काहीही घेतलंत तरी तुमच्या चौकटीला ते चालतं का, हे बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. आणि तुम्ही फॅब्रिकेशनवाले, म्हणून मुद्दाम सांगतो: स्वतः नळी वेल्ड करून अडॅप्टर बनवायचा मोह टाळा.

बॉलवरच ओढायचं ठरलं तर सेफ्टी चेन विसरू नका. गूजनेकला बहुतेक राज्यांत ती लागते.

वजनाचं मात्र नीट समजून घ्या. बैलगाडीत ऊस भरताना ओझं मागं गेलं की गाडी उलार, पुढं गेलं की बैलाच्या मानेवर. फिफ्थ-व्हील मुद्दाम पुढं जड ठेवतात, एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के भार किंगपिनवर येतो. म्हणजे १०,००० पौंडांचा (साडेचार टन धरा) कॅम्पर असेल तर २,००० पौंड थेट पिकअपच्या हौद्यात. ड्रायव्हरचं दार उघडलंत की खांबावर स्टिकर दिसेल, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते किलो आणि पौंड दोन्हींत लिहिलेलं असतं. त्यातून तुम्ही तिघं, हिच आणि तुमची अवजारांची पेटी वजा करा. उरलेल्यात पिनचा भार बसला नाही तर तो कॅम्पर आपला नाही. पाटे वाढवून स्टिकरवरचा आकडा वाढत नाही, कुणी काहीही सांगो. खात्री करायला ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. साखर कारखान्याचा काटा अख्ख्या गाडीचा एक आकडा देतो, इथं पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर असे तीन वेगळे मिळतात.

हौदा ८ फुटी असेल तर उत्तम. साडेपाच फुटी असेल तर वळताना कॅम्परचा कोपरा केबिनच्या काचेत घुसू शकतो, मग सरकणारा हिच लागेल.

जोडल्यावर प्रत्येक वेळी एक करायचं: कॅम्परचे पाय जमिनीला टेकलेले ठेवून, हाताने ट्रेलरचा ब्रेक दाबून धरून, गाडी हळूच पुढं ओढायची. जबडा नीट मिटला नसेल तर तिथंच कळतं. पाय आधी उचललेत आणि पिन सुटला, तर कॅम्पर हौद्याच्या दोन्ही कडांवर आदळतो.

लायसन्स: टेक्सासमध्ये गाडी आणि ट्रेलरची मिळून बनवणाऱ्याने ठरवलेली कमाल वजनाची क्षमता २६,००० पौंडांच्या वर आणि एकट्या ट्रेलरची १०,०००च्या वर असेल तर क्लास ए लागतं. त्याखाली साधं क्लास सी पुरतं. जागेचंही आधी बघा, अनेक आरव्ही पार्क (कॅम्पर उभे करायच्या भाड्याच्या जागा) दहा वर्षांपेक्षा जुना कॅम्पर घेत नाहीत. घरचा मिक्सर आणू नका, इथं वीज १२० व्होल्ट.

मेव्हणे कॅम्पर बघायला जातील तेव्हा त्यांना सांगा, स्वयंपाकघर नंतर बघा. आधी बेडरूममधलं कपाट दोनदा उघडून बंद करा. मग बाहेर येऊन, पिन बॉक्सखाली वाकून, बॅटरी मारून वेल्डचे फोटो काढा. त्यासोबत दाराच्या स्टिकरचा आणि हौद्यातल्या बॉलचा फोटो मला पाठवा. पैसे त्यानंतर द्या.