चार शनिवार, चार माहितीपट, आणि ‘प्रेरणादायी’ नावाची अडचण

तुमचा प्रश्न असा: वाचनालयातर्फे लागोपाठ चार शनिवार माहितीपट दाखवायचेत, विषय ‘ओळख, समाज आणि चिवटपणा’, आणि कार्यकारिणीची अट एकच, ‘रडगाणं नको, प्रेरणादायी हवं’. आमचं फिल्म मंडळ तालुक्याच्या गावी अठरा वर्षं रडतखडत चाललंय, त्यामुळे ही अट माझ्या चांगल्याच ओळखीची आहे. ती घालणारी माणसं वाईट नसतात. लोक मधेच उठून जातील, पुढच्या शनिवारी खुर्च्या रिकाम्या राहतील, एवढीच त्यांना धास्ती असते.

लोक उठतात हे खरंच. पण दुःखाला कंटाळून उठत नाहीत, उपदेशाला कंटाळून उठतात. आमच्या पिढीच्या मनात ‘माहितीपट’ हा शब्द थिएटरात मुख्य सिनेमाआधी लागणाऱ्या सरकारी रिळांशी जोडलेला आहे. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली निघाली, तिची रिळं दाखवणं थिएटरवाल्यांना बंधनकारक होतं, आणि धरणं, पूर, उद्घाटनं चालू असताना पब्लिक बाहेर शेंगदाणे घेत असायचं. तो राग अजून गेलेला नाही. (त्याच संस्थेने काही अफलातून कामंही केली, पण ते पुन्हा कधीतरी.)

‘प्रेरणादायी’ ही चाळणी लावलीत तर जे हाती येतं त्यात माणूस कॅमेऱ्यासमोर बसून आपलं सोसलेलं सांगतो, मागे बासरी वाजते, शेवटी तो हसतो. बघणाऱ्याला बरं वाटतं आणि तो घरी जातो. मी दुसरी चाळणी लावतो: या सिनेमात माणसं काही करताना दिसतात का? भांडताना, गाताना, यंत्र उघडून बसलेली, एकमेकांची खेचताना? चिवटपणा असलाच तर तो तिथे दिसतो. सांगायला बसवलं की तो पळतो.

म्हणून पहिल्या शनिवारी डोळे झाकून ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ लावा. फैझा अहमद खान यांचा, २००८ चा. मालेगाव म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात, २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट किंवा दंगल. इथे यंत्रमागाच्या खडखडाटात राहणारी मंडळी आपला सुपरमॅन बनवताहेत. नासिर शेख हा त्यांचा दिग्दर्शक, आधी व्हिडिओ पार्लर चालवायचा, ‘शोले’ची मालेगावी आवृत्ती करून बसलेला. क्रेन नाही, मग बैलगाडी. ट्रॉली नाही, मग सायकल. मधेच कॅमेरा पाण्यात पडतो आणि तुमच्या पोटात गोळा येतो, कारण एव्हाना तो कॅमेरा तुमचाही झालेला असतो. सुपरमॅन झालेला शफीक हा हाडकुळा यंत्रमाग कामगार, आणि त्यांच्या कथेतला खलनायक लोकांना तंबाखूच्या नादी लावणारा. पुढे काही वर्षांनी शफीक तोंडाच्या कर्करोगाने गेला. हे आधी सांगू नका. सिनेमा संपला, लोक हसून हसून दमले, की मग सांगा. आमच्याकडे दोघांनी खिशातल्या पुड्या तिथेच बाकाखाली टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी परत घेतल्या असतील, मला माहीत नाही.

या सिनेमात बायका जवळपास नाहीतच. तुमच्याकडच्या बायकांना ते खटकेल. खटकू द्या, चर्चा तिथूनच सुरू होईल. भाषेची काळजी नको, मालेगावची उर्दू आपल्या लोकांना सबटायटलशिवाय कळते. ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा २०२५ चा हिंदी चित्रपट काहींनी पाहिला असेल, त्यांना मूळ माणसं बघायला जास्तच मजा येते.

दुसऱ्या शनिवारी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’, शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा, २०१६ चा. आपल्या जत्रांमधल्या तंबू टॉकीजवर. पन्नाशीच्या पुढच्या लोकांसाठी वेगळी जाहिरात करायची गरज नाही, ‘तंबू’ एवढंच पाटीवर लिहा. ट्रकमधून उतरणारा गंजका प्रोजेक्टर, प्रिंटची वाट बघणारे मालक, आणि आयुष्यभर प्रोजेक्टर दुरुस्त करत आलेले एक कारागीर प्रकाश, ज्यांनी स्वतःच्या डोक्याने नवीन प्रोजेक्टर घडवला. रीळ जाऊन डिजिटल येतं तेव्हा त्यांचं काय होतं ते बघाच. समाज म्हणजे फक्त जात-धर्म नव्हे, धंद्यातूनही बिरादरी तयार होते, हे न बोलता कळतं. यावर मी जास्त लिहीत नाही, सिनेमा स्वतःचं काम करतो.

तिसऱ्याला ‘नाता’, २००३ चा. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा, पाऊण तासाचा. १९९२-९३ च्या दंगलीनंतर धारावीत, हिंदू-मुस्लीम सलोखा राखणाऱ्या मोहल्ला समितीचं काम करणारे भाऊ कोरडे आणि वकार खान, यांच्या दोस्तीची गोष्ट. चार धर्मांच्या वेशातली चार पोरं उभी करून वकारभाईंनी काढलेलं पोस्टर तुम्ही कुठेतरी पाहिलेलं असेल. मला यात आवडतं ते वेगळंच: सिनेमा करणारे स्वतःलाही सोडत नाहीत, आपण कोण, कुठून आलो, हे मधे मधे सांगतात. दुसऱ्याची ओळख टिपायला जाताना स्वतःची खिशात लपवायची नाही, हा साधा सभ्यपणा आहे आणि तो फार कमी जणांना जमतो. सिनेमा छोटा असल्यामुळे बोलायला वेळ उरेल. तो लागेलच.

आता चौथा, ज्यासाठी मी हे सगळं लिहितोय. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’. तुमच्या यादीत तो होता आणि कुणीतरी ‘फार लांब, फार राजकीय’ म्हणून काटला, असं तुम्ही लिहिलंय.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक जमले, राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला, दहा माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. हे तेच शाहीर, ज्यांचा आवाज पटवर्धनांनी १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये वापरला होता. डाव्या चळवळीत गाणारा हा माणूस जाताना कपाळाला निळं फडकं बांधून गेला. लाल झेंड्याखाली गाणाऱ्याने शेवटी निळं का निवडलं? तुमच्या पत्रकावरचा ‘ओळख’ हा शब्द या एका फडक्यात आहे. पटवर्धन त्या प्रश्नामागे चौदा वर्षं कॅमेरा घेऊन फिरले. सिनेमा २०११ ला पुरा झाला आणि जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, लोकांमध्ये, दाखवला गेला.

चौदा वर्षं म्हणजे काय ते पडद्यावर कळतं. खटला रेंगाळतो. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये सत्र न्यायालय जन्मठेप सुनावतं, मग वरून जामीन. वस्तीतली माणसं थकतात, पुढारी बाजू बदलतात, आणि मधल्या काळात पुण्यात कबीर कला मंच हे तरुण शाहिरांचं पथक उभं राहतं, शीतल साठे गायला लागते. घोगरेंचा आवाज बंद झाला तिथून हा दुसरा आवाज निघतो, असं सिनेमा कुठेही बोलत नाही. नुसतं गाणं वाजतं. जवळपास तीन तास गाणीच गाणी आहेत. याला रडगाणं म्हणणाऱ्याने तो पाहिलेला नाही, हे पैजेवर सांगतो.

पहिल्यांदा आम्ही तो नगरपालिकेच्या हॉलमध्ये दाखवला आणि मी घोडचूक केली. संपल्यावर माइक पाहुण्यांच्या हातात दिला. त्यांनी वीस मिनिटं, ‘आता या समाजाने यातून बाहेर पडायला हवं’ या धर्तीवर ऐकवलं. मागून एक पोरगा उठला, म्हणाला, “सर, सहा डिसेंबरला दादरला आलाय का कधी?” सर आले नव्हते. सभा तिथेच संपली. दोष सरांचा कमी, माझा जास्त.

पुढच्या वर्षी समाजमंदिरात दाखवला. पडद्याला पांढरी चादर, चारी कोपऱ्यांना सुतळी, पंखा लावला की आकृत्या हलायच्या म्हणून भर उन्हाळ्यात पंखा बंद. एका भीमगीताच्या वेळी पुढे बसलेल्या आजी मोठ्याने म्हणाल्या, “आमच्यात हे कडवं असं नाही म्हणत.” शेजारणीने गप्प केलं. इंटरव्हलला चहा चालू असताना त्यांना विचारलं, मग कसं म्हणता? त्यांनी म्हणून दाखवलं. दोघीतिघींनी टाळ्यांवर साथ धरली, कुणी पळत जाऊन ढोलकी आणली, आणि उरलेला सिनेमा सुरू व्हायला सव्वा तास लागला. चर्चासत्र वगैरे काही झालंच नाही.

तेव्हा चौथ्या शनिवारी जमलं तर वाचनालय सोडून वस्तीत जा. जमलं नाही तर निदान पहिला माइक ज्यांच्यावर सिनेमा आहे त्यांना, पाहुणा ठेवूच नका. सोमनाथ वाघमारे यांचा ‘चैत्यभूमी’ मिळवता आला तर पाचवा शनिवार काढा. तिथे कॅमेरा धरणाराच सहा डिसेंबरच्या त्या गर्दीतला आहे, आणि बाहेरून आलेल्या पटवर्धनांच्या चौदा वर्षांपेक्षा हे बघणं कसं वेगळं पडतं, यावर तुमची तरुण पोरं तासभर भांडतील. मी स्वतः कुठल्या बाजूचा, ते अजून ठरलेलं नाही.

दाखवण्याआधी निर्मात्यांना लिहा. लिंक ढापून लावू नका, ही मंडळी तुटपुंज्या पैशात काम करणारी आहेत आणि बहुतेक वेळा आनंदाने हो म्हणतात. भाडं भरायचंच असेल तर प्रोजेक्टरपेक्षा स्पीकरवर खर्च करा, चित्र थोडं फिकं चालतं, गाणं फाटलं की संपलं. आणि ढोलकी असेल तर कोपऱ्यात आधीच आणून ठेवा, आमच्यासारखी धावपळ नको.